पुण्यात फ्लूची लस ऑक्टोबरमध्ये घ्यावी की मेमध्ये? पाऊस, थंडी आणि बंद खिडक्यांचा हिशेब

प्रश्न असा आहे: घर पुण्यात, मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. सासूबाई ६८ वर्षांच्या, मधुमेह आहे. नवऱ्याचं ऑफिस दिवसभर एसीत. शाळा सुरू होऊन महिना होत नाही तोच घरात एकेक जण ताप-खोकल्याने अंथरूण धरतो. न्यू जर्सीची नणंद म्हणते, 'आम्ही ऑक्टोबरात लस घेतो, तुम्हीही घ्या.' सासूबाई म्हणतात, पोरगा पावसात भिजतो म्हणून हे सगळं होतं. आणि ह्युमिडिफायर घेतला तर काही उपयोग होईल का, असंही तुम्ही विचारलं आहे.

आधी सरळ उत्तर देते. पुण्यातल्या घरासाठी लसीची वेळ मे महिन्याची. मुलाने आधी कधीच फ्लूची लस घेतली नसेल, तर त्याच्यासाठी एप्रिलचा शेवटचा आठवडा. ह्युमिडिफायर घेऊ नका. भिजण्याबद्दल सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, त्याकडे खाली येते. खरी अडचण एकच आहे: तुमच्या घरी फ्लूचा हंगाम पावसाबरोबर सुरू होतो आणि सल्ला येतोय तो थंडीच्या हंगामाचा.

नणंदेचं तिच्या गावापुरतं अगदी बरोबर आहे. न्यू जर्सीत फ्लू साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात चढतो आणि फेब्रुवारीच्या आसपास शिखर गाठतो, म्हणून तिकडे ऑक्टोबर. भारतात मात्र एकच हंगाम नाही. श्रीनगरला शिखर जानेवारी ते मार्चमध्ये येतं, म्हणजे जवळजवळ अमेरिकेसारखं. पुणे, मुंबई, दिल्ली, कोलकाता इथे मोठी लाट पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर. चेन्नई आणि वेल्लोरला ऑक्टोबर-नोव्हेंबर, कारण तिथला मोठा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. फ्लूवर लक्ष ठेवणाऱ्या देशातल्या प्रयोगशाळांच्या जाळ्याने २००९ पासूनचे नमुने तपासून हे चित्र मांडलं आणि २०१५ मध्ये त्यावरून शिफारसही केली: श्रीनगरसारख्या ठिकाणी लस सप्टेंबर-ऑक्टोबरात, पावसाळ्यात लाट येणाऱ्या शहरांसाठी एप्रिल-मे. महाराष्ट्रात पावसाळ्यानंतर दुसरी, बहुतेक वेळा लहान लाट जानेवारी ते मार्चमध्ये येते. ती कधी मोठीही होते. २०१५ च्या सुरुवातीचा एच१एन१ (स्वाइन फ्लू) आणि मार्च २०२३ चा एच३एन२ (फ्लूचाच दुसरा प्रकार) आठवत असेल.

आता एकच विषाणू एका गावी थंडीत आणि दुसऱ्या गावी पावसात का वाढतो, ते पाहू. न्यूयॉर्कच्या संशोधकांनी २००७ मध्ये गिनीपिगवर केलेले प्रयोग इथे फार उपयोगी पडतात. आजारी आणि निरोगी प्राणी वेगवेगळ्या पिंजऱ्यांत, मधून फक्त हवा जाते अशी रचना. ५ अंश तापमानाला फ्लू सहज पसरला. २० अंशांना हवा कोरडी असेल (आर्द्रता २० ते ३५ टक्के) तर पसरला, ८० टक्के आर्द्रतेला थांबला. ३० अंशांना मात्र हवेतून अजिबात पसरला नाही. एवढं वाचून वाटेल की मुंबईत फ्लू व्हायलाच नको. पण त्याच गटाने पुढच्या वर्षी प्राण्यांना एकाच पिंजऱ्यात ठेवलं, तेव्हा ३० अंशांनाही संसर्ग झाला. म्हणजे उबदार दमट हवेत विषाणूला लांबचा पल्ला जमत नाही, पण माणसं जवळ जवळ आणि बराच वेळ बसली की त्याचं काम होतं. पावसाळ्यातल्या फ्लूचं मर्म इथे आहे.

हवेचा कोरडेपणा मोजताना बहुतेकांची गल्लत होते, कारण मोबाइलवर दिसते ती सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत मावेल तेवढ्या बाष्पापैकी किती टक्के आहे ते. ती तापमानाबरोबर बदलते. विषाणूच्या दृष्टीने एक घनमीटर हवेत प्रत्यक्ष किती ग्रॅम बाष्प आहे, हा आकडा जास्त बोलका आहे. न्यू जर्सीत जानेवारीत बाहेर शून्य अंश आणि आर्द्रता ७० टक्के असली तरी बाष्प फक्त साडेतीन ग्रॅम. तीच हवा घरात घेऊन हीटरने २१ अंशांवर नेली की घरातली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली. नाकातला ओलसर थर सुकतो, घाण बाहेर लोटणाऱ्या सूक्ष्म केसांची हालचाल मंदावते, खोकल्यातले थेंब झटकन सुकून हलके होतात आणि तरंगत राहतात. पुण्यात जुलैमध्ये २५ अंश आणि ८५ टक्के म्हणजे एकोणीस-वीस ग्रॅम, भरपूर ओलावा. पण फेब्रुवारीच्या दुपारी ३२ अंश आणि २५ टक्के असेल तर बाष्प साडेआठ ग्रॅमच. पहाटे गारठा, दुपारी कोरडं ऊन, वर धूळ आणि धूर: आपली जानेवारी-मार्चची लाट याच्याशी जुळते. धुळीचा आणि धुराचा भाग वेगळा काढून मोजणं अवघड आहे, पण पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) वाढलेल्या दिवसांनंतर श्वसनाचे आजार वाढतात, हे बऱ्याच शहरांत दिसलं आहे.

२०१३ मध्ये जगभरातल्या ७८ ठिकाणांचा अभ्यास झाला, त्यात हे दोन्ही मार्ग स्पष्ट दिसतात. जिथे हिवाळ्यात तापमान १८-२१ अंशांच्या खाली आणि बाष्प किलोभर हवेमागे ११-१२ ग्रॅमच्या खाली जातं, तिथे फ्लू थंड-कोरड्या महिन्यांत शिखरावर जातो. जिथे दोन्ही वर्षभर त्याहून वर राहतात, तिथे तो महिन्याला १५० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो त्या महिन्यांत वाढतो. मुंबई सरळ दुसऱ्या गटातली. पुणे, नाशिक, नागपूर यांचं हवामान दोन्हींच्या सीमेवरचं, म्हणून आपल्याला दोन लाटांचं वर्ष मिळतं.

पाऊस स्वतः फ्लू आणत नाही. पाऊस माणसांना आत कोंडतो आणि खिडक्या बंद करतो. तुमच्या मुलाचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. जूनच्या मध्यावर दीड महिन्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडते. वीस बाय पंचवीस फुटांची खोली, पन्नास मुलं, एका बाकावर दोघं-तिघं. पावसाची झड वह्यांवर येते म्हणून त्या बाजूच्या खिडक्या लावलेल्या, दुसरी बाजू व्हरांड्याची, तिकडचं दार गोंगाट नको म्हणून ओढून घेतलेलं. ओले रेनकोट मागे टांगलेले. छताचे पंखे फिरत असतात, पण पंखा तीच हवा ढवळतो, नवी आणत नाही. अशा खोलीत कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र ठेवलं तर बाहेरच्या ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) जागी तासाभरात दीड-दोन हजारांचे आकडे दिसणं अगदी स्वाभाविक आहे. हा वायू इतक्या प्रमाणात घातक नाही. पण आपण आत घेतोय त्या हवेतला किती भाग दुसऱ्यांच्या छातीतून आलेला आहे, याचं ते माप आहे. शाळेच्या व्हॅनचे आणि रिक्षाचे प्लॅस्टिकचे पडदे खाली सोडले की तीच गोष्ट छोट्या जागेत घडते. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून विषाणू सोडायला लागतो आणि संसर्गापासून लक्षणांपर्यंत सरासरी दोन दिवस (एक ते चार) जातात. मुलं तर मोठ्यांपेक्षा जास्त दिवस विषाणू सोडतात. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात वर्गात एक-दोन मुलं शिंकायला लागली, की जुलैच्या मध्यापर्यंत घरातली आजी आजारी पडते, त्याचा हिशेब हा असा लागतो.

नवऱ्याच्या ऑफिसचंही तेच. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा अजिबात आत घेत नाही. खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो. शिवाय २४ अंश आणि ५० टक्के आर्द्रता म्हणजे घनमीटरमागे अकरा ग्रॅम बाष्प. बाहेर जुलैचा पाऊस असला तरी आत विषाणूला मानवेल असं, बरंच कोरडं हवामान तयार असतं. दिवसाचे नऊ तास माणूस ज्या हवेत बसतो ते त्याचं खरं हवामान. याउलट विदर्भातला खिडकीत बसवलेला कूलर सतत बाहेरची हवा आत ढकलतो, त्यामुळे त्या खोलीची हवा एसीच्या खोलीपेक्षा पुष्कळ ताजी असते. अट एवढीच की समोरचं दार किंवा खिडकी उघडी हवी. आणि कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायला हवी, नाहीतर फ्लू टळेल आणि डेंग्यू येईल.

हवामानाच्या पलीकडचीही एक गोष्ट आहे, तिच्यामुळे सगळे अंदाज चुकतात: लोकांची प्रतिकारशक्ती. नवा विषाणू आला की तो ऋतू पाहत नाही. १९१८ चा इन्फ्लुएंझा मुंबईत जूनमध्ये आला आणि त्याची सर्वात भयंकर लाट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, तीही मोसमी पावसाने दगा दिलेल्या वर्षी. २००९ चा एच१एन१ मेक्सिको आणि अमेरिकेत वसंतात सुरू झाला आणि पुण्यात ऑगस्टच्या सुरुवातीला देशातला पहिला मृत्यू झाला. २०१७ मध्ये पुण्यात एप्रिल-मेच्या उन्हातही स्वाइन फ्लूचे रुग्ण येत राहिले. उलट कोविडच्या पहिल्या वर्षी पाऊस नेहमीसारखा पडला, पण मास्क आणि बंद शाळांमुळे फ्लू जवळजवळ दिसेनासा झाला. म्हणून 'यंदा पाऊस जास्त, म्हणजे फ्लू जास्त' असं गणित कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हवामानावरून लाट कोणत्या महिन्यांत येण्याची शक्यता आहे ते कळतं. ती केवढी असेल हे मात्र विषाणूत किती बदल झाला आणि किती लोकांकडे जुनी प्रतिकारशक्ती उरली आहे, यावर ठरतं.

आता भिजण्याचं. विषाणू पावसाच्या पाण्यातून येत नाही, तो माणसाकडूनच येतो. पण सासूबाईंच्या निरीक्षणात तथ्य आहे. वेल्समधल्या कार्डिफला २००५ मध्ये ९० जणांचे पाय वीस मिनिटं थंड पाण्यात ठेवले आणि दुसऱ्या ९० जणांचे कोरडे. पुढच्या चार-पाच दिवसांत सर्दी झाल्याचं पहिल्या गटात १३ जणांनी सांगितलं, दुसऱ्या गटात ५ जणांनी. त्यात विषाणूची तपासणी केलेली नव्हती आणि ती साधी सर्दी होती, फ्लू नव्हे. एक शक्यता अशी की गारठ्याने नाकातला रक्तपुरवठा आक्रसतो आणि आधीच शिरलेला विषाणू डोकं वर काढतो. मुलगा भिजून आला तर डोकं पुसून कोरडे कपडे घाला, त्यात काही चूक नाही. फक्त त्यामुळे फ्लू टळला असं समजू नका. त्याला पावसात खेळू द्यावं की नाही, असं मला विचाराल तर मी मोकळ्या मैदानातल्या पावसापेक्षा बंद शिकवणीच्या खोलीला जास्त भिते.

ह्युमिडिफायर पुण्याच्या पावसाळ्यात निरर्थक आहे. घरात आर्द्रता आधीच ७५-८५ टक्के असते, त्यात भर घातली की भिंतीला बुरशी आणि दमेकऱ्याला त्रास. फेब्रुवारीत ४० ते ६० टक्के आर्द्रता बरी, पण तेवढ्यासाठी यंत्र आणून त्याचं पाणी रोज न बदलल्यास त्यात जिवाणू वाढतात आणि तेच फवारले जातात. हे पैसे एक्झॉस्ट फॅनवर घाला.

त्याचा हिशेब सांगते. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट, म्हणजे १२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर. ताशी २५० घनमीटर हवा काढणारा सहा इंची फॅन कागदावर ही हवा तासाला सात वेळा बदलतो. प्रत्यक्षात जाळी, धूळ आणि वळणामुळे निम्मं धरा, तरी तीन-चार वेळा बदलते. तासाला पाच वेळा हवा बदलणं हे चांगलं उद्दिष्ट आहे, त्यामुळे सोबत खिडकीही लागेलच. बहुतेक घरी चूक होते ती अशी: फॅन चालू आणि दार-खिडक्या घट्ट बंद. बाहेरून हवा आत यायला वाटच नसेल तर फॅन नुसता घरघरतो. फॅनच्या समोरच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. झड येत असेल तर ज्या बाजूला वारा लागत नाही तिकडची, किंवा वरचं व्हेंटिलेटर. चालतंय की नाही हे पाहायला उदबत्ती उंबऱ्याशी धरा, धूर सरळ फॅनकडे ओढला गेला पाहिजे. सासूबाईंच्या खोलीत हे आधी करा. मुलाला ताप आला तर पाच-सहा रात्री आजीशेजारी झोपवू नका, मोह होतो तरी. ताप औषधाशिवाय चोवीस तास उतरलेला राहीपर्यंत शाळाही नको. दाराच्या कड्या, रिमोट, मोबाइल अशा गुळगुळीत वस्तूंवर विषाणू एक-दोन दिवस टिकू शकतो, कपड्यावर-कागदावर आठ-बारा तास, हातावर काही मिनिटंच. म्हणून घरभर फवारणी करत बसण्यापेक्षा हात साबणाने धुणं आणि नाका-डोळ्यांना न लावणं जास्त कामाचं.

शाळेशीही बोला. व्हरांड्याकडचं दार आणि वरची झडप तासभर तरी उघडी ठेवा, प्रत्येक तासिकेनंतर पाच मिनिटं सगळ्या खिडक्या उघडा, एवढी मागणी पालकसभेत मांडता येते आणि त्याला पैसा लागत नाही.

लसीचं वेळापत्रक. लस घेतल्यावर संरक्षण यायला साधारण दोन आठवडे लागतात आणि सहा महिन्यांनंतर ते ओसरत जातं. ऑक्टोबरात घेतलेली लस पुढच्या जुलैत नऊ महिन्यांची झालेली असते, म्हणजे आपल्या मोठ्या लाटेत ती सर्वात कमकुवत. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदाच लस देताना चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. पहिला एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुसरा मेच्या शेवटच्या आठवड्यात, मग पुढचे दोन आठवडे धरले की शाळा उघडेपर्यंत तयारी होते. पुढच्या वर्षापासून एकच डोस. मोठ्यांना दरवर्षी एक, मेच्या मध्यापर्यंत.

कोणती लस, यावर गोंधळ होतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा विषाणूंचे प्रकार जाहीर करते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. खोक्यावर गोलार्ध आणि वर्ष छापलेलं असतं. मेमध्ये दक्षिण गोलार्धाची नवी लस मिळत असेल तर तीच घ्या, कारण ती ताजी असते. ती नसेल तर उत्तर गोलार्धाच्या मागच्या हंगामाची, मुदत संपलेली नाही याची खात्री करून. नव्या साठ्याची वाट पाहत जुलै उजाडू देण्यापेक्षा हातातली लस बरी. जमून आलेल्या वर्षीही ही लस ४० ते ६० टक्केच संरक्षण देते. पण सासूबाईंसारख्यांना न्यूमोनियापासून आणि रुग्णालयापासून वाचवण्यात तिचा वाटा मोठा आहे. त्यांच्या डॉक्टरांना न्यूमोकॉकल लसीबद्दलही (न्यूमोनिया करणाऱ्या एका जिवाणूविरुद्धची लस) विचारा. घरात कोणी गरोदर असेल तर इंजेक्शनची निष्क्रिय (जिवंत विषाणू नसलेली) लस गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात चालते. फेब्रुवारीच्या लाटेपर्यंत मेची लस ओसरते, हे खरं. त्यासाठी सरसकट वर्षात दोनदा लस घ्यायची शिफारस नाही. मात्र सासूबाई नोव्हेंबरात न्यू जर्सीला लेकीकडे राहायला जाणार असतील, तर तिथल्या हंगामाची लस घेण्याबद्दल जाण्याआधी डॉक्टरांशी बोला.

पावसाळ्यातला प्रत्येक ताप फ्लू नसतो, हे शेवटी पण ठामपणे सांगायला हवं. अचानक चढलेला ताप, कोरडा खोकला, घसा, अंगदुखी असेल तर फ्लूचा संशय. खोकला-सर्दी नाहीच, डोळ्यांच्या मागे दुखतंय, अंगावर लाली आहे, तर डेंग्यूचा. साचलेल्या पाण्यातून चालल्यावर ताप, पोटऱ्यांत ठणका आणि लाल डोळे, तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा जिवाणूंचा आजार). थंडी वाजून ताप, तर मलेरियाची तपासणी. निदान होईपर्यंत तापाला फक्त पॅरासिटामॉल. डेंग्यू असेल तर आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि लहान मुलांना तापात ॲस्पिरिन द्यायचंच नाही. फ्लूचं ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वात उपयोगी, म्हणून सासूबाईंना ताप-खोकला आला तर 'दोन दिवस बघू' करू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दम लागणं, छातीत दुखणं, रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली, गुंगी, ओठ निळसर, मुलाने पाणी पिणंही सोडणं, किंवा उतरलेला ताप दोन-तीन दिवसांनी परत चढणं, यातलं काहीही दिसलं तर सरळ रुग्णालय.

लस केमिस्टकडून विकत घेऊन दवाखान्यात नेणार असाल तर एक काळजी घ्या. ती २ ते ८ अंशांत राहायला हवी आणि एकदाही गोठता कामा नये. बर्फाला थेट टेकवू नका, आइस पॅक कापडात गुंडाळा. मेच्या उन्हात दुचाकीच्या डिकीत ठेवून इकडे-तिकडे कामं करत जाऊ नका. शक्य असेल तर ज्यांच्या फ्रिजमध्ये ती ठेवलेली आहे अशा दवाखान्यातच टोचून घ्या, आणि फ्रिजला थर्मामीटर आहे का, हे विचारायला संकोच करू नका.